मोठ्या अक्षरातलं पवित्र शास्त्र : चौदा महिने रोज वापरून

गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, वाचन काय असतं तुमचं?" म्हटलं, "सकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मग पेपर." त्या म्हणाल्या, उद्या पुस्तक घेऊन या. नेलं. त्यांनी ते उघडलं, नाकाजवळ धरलं आणि हसल्याच. "हे मलाच वाचता येत नाही, तुम्हाला काय येणार?"

खरं होतं त्यांचं. ते पुस्तक म्हणजे तळहातात मावणारा नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग), मागे स्तोत्रं जोडलेली. एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. कॅश बॅगेत वेबिलामागे (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) त्याची जागा ठरलेली. मुक्कामी गाडी असली की रात्री गावच्या शाळेपुढे गाडी उभी, ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर आडवा, आणि माझा हिशेब लागला की केबिनच्या दिव्याखाली एक अध्याय. एवढ्या वर्षांत अक्षर किती बारीक आहे हे लक्षातच आलं नाही, कारण निम्मं मी वाचत नव्हतो, पाठ म्हणत होतो. ऑपरेशननंतर नव्या डोळ्याने बघितल्यावर कळलं, की काही वचनं मी वर्षानुवर्षं चुकीची म्हणतोय.

तेव्हा मोठ्या टाइपातलं संपूर्ण पवित्र शास्त्र घ्यायचं ठरलं. मुलगा पुण्याला असतो, त्याने लगेच ऑनलाइन मागवलं. ते आलं ते कोपरा चेपलेलं. पुठ्ठ्याचं खोकं नाही, नुसती प्लास्टिकची पिशवी, आणि दीड किलोचं पुस्तक तिच्यात आपटत आलेलं. परत पाठवलं. पुस्तकाच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे : दुकानात जा, हातात घ्या, मधोमध उघडा, शिवण बघा, मग पैसे द्या. शास्त्र आयुष्यात दोनदा-तीनदाच विकत घेतो माणूस. त्यात घाई कसली?

दुकानदाराने चार प्रती काढून दिल्या. चेनवालं कव्हर असलेली पहिली. आमच्या मंडळीत (मंडळी म्हणजे चर्च, बायको नव्हे, तिचं मत पुढे येईलच) चेनवाल्या शास्त्राला मान फार. रविवारी बगलेत छान दिसतं, पावसात भिजत नाही. पण चेन एकदा अडकली की उपासनेत सगळे पहिलं वचन वाचून मोकळे होतात आणि आपण अजून दात ओढतोय. दुसऱ्या प्रतीत प्रभूची वचनं लाल शाईत. ही पद्धत काही प्रेषितांच्या काळची नाही. अमेरिकेत लुई क्लॉप्श नावाच्या संपादकाने १८९९ साली तसा नवा करार काढला आणि तिथून ती पसरली. तरुण डोळ्याला लाल अक्षर बरं वाटतं, पण पहाटे पिवळ्या बल्बखाली माझ्या डोळ्याला ते विटक्या तिकिटासारखं दिसतं. नेमकं प्रभूचंच बोलणं वाचता येईना. नको म्हटलं. तिसरीत टाइप मोठा होता, पण कागद असा, की पलीकडच्या पानावरचा यिर्मया इकडच्या यिर्मयात मिसळत होता. चौथी घेतली : काळी शाई, साधं काळं रेक्झिन, शिवलेली बांधणी, बाजूला पुस्तकांच्या नावांची कापलेली खूण नाही. हजाराच्या आत भागलं आणि छापील किमतीवर दुकानदाराने दहा टक्के सोडलेही.

आता वापराचं. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर केलं, दीड किलोला जरा कमी भरलं. म्हणजे झोपून वाचायचं पुस्तक हे नाही. छातीवर ठेवलं तर श्वास मोजावा लागतो. पाटावर किंवा टेबलावर ठेवूनच वाचायचं, आणि मला वाटतं ते बरंच झालं, कारण उठून बसावं लागतं. पहिले दोन महिने ते पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, आणि शेवटच्या प्रकटीकरणात उघडं राहत नसे, हात काढला की मिटायचं. मधल्या स्तोत्रसंहितेत मात्र पहिल्या दिवसापासून सपाट. शिवलेल्या पुस्तकाला वेळ द्यावा लागतो, पण आता कुठेही उघडा, पडून राहतं. पान पातळच असणार, सहासष्ट पुस्तकं एका जिल्दीत कोंबायची तर दुसरा उपाय नाही. बॉलपेन वापरू नका, मागे उमटतं. साधी पेन्सिल, तीही बोथट. मी एकदा जुन्या सवयीने तिकिटाला मारायचा तसा चिमट्याने पानाच्या कोपऱ्याला भोक मारलं, कुठवर आलो ते कळावं म्हणून. बायकोने दोन दिवस बोलणं टाकलं. ते भोक नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायाला आहे आणि दर वेळी तिथून जाताना मला लाज वाटते.

मुख्य मजकूर मोठा, पण तळटिपा आणि संदर्भ मुंगीएवढे ठेवलेत. 'मोठं अक्षर' म्हणताना छापणाऱ्यांनी हे कुणासाठी ठेवलं असेल? ज्याला ते दिसतं त्याला मोठं अक्षर कशाला लागतं? पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, म्हटलं, तर ते म्हणाले, टिपा बघू नका, वचन बघा. पाळकसाहेबांचा चष्मा अजून लागलेला नाही.

भाषेबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण रोज वाचायचं तर अक्षराइतकाच हाही मुद्दा मोठा. माझं हे पुस्तक बायबल सोसायटीच्या जुन्या वळणाच्या भाषांतराचं, 'पवित्र शास्त्र' याच नावाचं. आमच्या लहानपणापासून कानात हेच. मराठी नवा करार पहिल्यांदा छापला तो विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याच्या लोकांनी १८११ साली, श्रीरामपूरला. आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. मग १८२६ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत आपला छापला. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकटीने सगळं शास्त्र सोप्या मराठीत आणलं. शेवटची प्रुफं हातावेगळी केली आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. छपाई त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातची, केडगावला. हेही नगरजवळचं केडगाव नव्हे, पुणे-दौंड लाइनीवरचं. एकतीस वर्षं 'बोर्ड बघून गाडीत बसा' म्हणत आलो, ती सवय जात नाही.

रमाबाईंच्या भाषांतराची एक जीर्ण प्रत माझ्या सासुरवाडीला होती. बायको लहानपणी त्यातून वाचायची. तिचं मत असं, की रमाबाईंचं वाचताना कुणीतरी चुलीपाशी बसून सांगतंय असं वाटतं, आणि माझं वाचताना कुणीतरी व्यासपीठावर उभं आहे असं वाटतं. मत चुकीचं नाही. पण मला व्यासपीठ आवडतं. एक शब्द सांगतो : 'खचीत'. योहानात प्रभू निकदेमाला म्हणतो, "मी तुला खचीत खचीत सांगतो." सोप्या भाषांतरांत याचं 'खरे सांगतो' होतं. अर्थ तोच, पण 'खरे सांगतो' हे वाक्य मी तिकीट न काढलेल्या प्रवाशाच्या तोंडून हजार वेळा ऐकलंय. 'खचीत' कुणी कधी म्हणालं नाही.

तसाच 'कळवळा'. लूकमधल्या गोष्टीत, वाटणी उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राला बाप लांबून बघतो तेव्हा त्याला दया येत नाही, करुणा येत नाही, कळवळा येतो. हा शब्द पोटातून येतो. तेविसाव्या स्तोत्रातलं 'संथ पाणी' घ्या. नगरसारख्या दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाला 'संथ पाणी' म्हटलं की भरलेला पाझर तलाव दिसतो. ही कमाई भाषांतरकारांची.

पण जुन्या भाषेचा त्रासही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. वाक्यं लांबलचक, 'अशासाठी की' म्हणत तीन ओळी चालतात. पौलाची पत्रं मी आजही दोनदा वाचतो, पहिल्यांदा क्रियापद शोधायला आणि दुसऱ्यांदा अर्थ शोधायला. माझा नातू नववीत आहे, मराठी माध्यमात. त्याला रोमकरांस पत्र वाचायला दिलं, तर म्हणाला, "आबा, हे मराठीच आहे ना?" त्याच्यासाठी सोपं भाषांतर हवं, आणि तशी बाजारात आता दोन-तीन आहेत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांचं 'सुबोध बायबल'ही घरात असावं असं माझं मत आहे. आम्ही प्रॉटेस्टंट, ते कॅथलिक, पण ओघवत्या मराठीला पंथ नसतो. ते उघडलं की नातू न विचारता दोन पानं जास्त वाचतो.

पुस्तकासोबत वाचनाचा तक्ता मिळाला. रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटलंडमधल्या तरुण पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी बनवलेला, अजून जगभर चालतो. रोज चार अध्याय, चार वेगवेगळ्या ठिकाणचे. १ जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये, चारही पहिल्या अध्यायापासून. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. बिचारा पुढच्याच वर्षी गेला, एकोणतिसाव्या वर्षी. तक्ता त्याचा उत्तम आहे, पण तो एकोणतीस वर्षांच्या डोळ्यांचा तक्ता आहे. मी एप्रिलपर्यंत टिकलो. लेवीय लागलं. महारोगाचे नियम, भिंतीवरच्या चट्ट्यांचे नियम, कुठला पक्षी चालतो आणि कुठला नाही. एकीकडे ते, आणि त्याच दिवशी आणखी तीन अध्याय दुसरीकडचे. माझी अवस्था चार गाड्यांचं वेबिल एकाच रात्री भरणाऱ्यासारखी झाली. कशाचे पैसे कुठे ते कळेना.

मग हिशेब मांडला. जुन्या करारात ९२९ अध्याय, नव्यात २६०, मिळून ११८९. वर्षात संपवायचं तर रोज सव्वातीन. पण वर्षात संपवायचं हे कुठे लिहिलंय? शास्त्रात तर नाही. आता माझा क्रम असा : सकाळी साडेपाचला एक स्तोत्र, एक अध्याय जुन्या करारातला, आणि एक शुभवर्तमानातला (येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं, मत्तय, मार्क, लूक आणि योहान) किंवा पत्रांतला. ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, ते आठवडाभर पुरवून खातो. या गतीने जुना करार संपायला अडीच वर्षं लागतील. लागू देत. गाडी लेट झाली तरी शेवटच्या थांब्याला जाते. बायको चहा ठेवते, मी मोठ्याने वाचतो, आणि ज्या दिवशी मी वंशावळीतली नावं गाळतो त्या दिवशी ती ओट्याजवळून म्हणते, "मधले चार उतरले वाटतं?" रूथ वाचायला आम्हाला चार सकाळी लागल्या, कारण प्रत्येक अध्यायानंतर तिला नामीवर काहीतरी बोलायचं होतं. ईयोबाला मात्र ती कंटाळली. "मित्र आले, बोलले, आता जा की घरी," असं तिचं म्हणणं.

मुलाने फोनवर एक फुकटचं अ‍ॅपही टाकून दिलं. नाव लिहीत नाही, मला त्याची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. चांगलं ते आधी. ऐकायची सोय आहे. वाचणाऱ्याचा आवाज घोटीव, आणि नबुखद्नेस्सर हे नाव त्याने न अडखळता म्हटलेलं ऐकून मला पन्नास वर्षांनी त्याचा खरा उच्चार कळला. भाजी निवडताना बायको मार्क ऐकते. एकदा वाय-फायवर उतरवून ठेवलं की रेंज लागत नाही, गावी गेल्यावर ते महत्त्वाचं. एखादा शब्द टाकून वचन शोधता येतं. पूर्वी याच कामाला मला पाळकसाहेबांकडची जाडजूड शब्दसूची मागून आणावी लागायची.

आता नावडलं ते. ऐकताना मागे संगीत आणि गर्दीचे आवाज घातलेत. वादळ शांत करण्याच्या प्रसंगाला इतका पाऊस पडतो, की प्रभूने वाऱ्याला काय सांगितलं ते ऐकू येत नाही. दुसरं, हे अ‍ॅप सलग किती दिवस वाचलं ते मोजतं. माझे १०४ दिवस झाले होते. मग चुलतभाऊ वारला, दोन दिवस मयताच्या घरी गेले. फोन कुणी बघितला नाही. परत आलो तर आकडा एक. वर संदेश, पुन्हा सुरुवात करू या! त्या मयताच्या घरी रात्रभर आम्ही स्तोत्रंच म्हणत होतो, पण ती मोजणीत आली नाहीत. तिसरं, पहाटे स्तोत्र उघडावं तर वर व्हॉट्सअ‍ॅपची पट्टी येते, सोसायटीत पाणी उद्या येणार नाही. त्यानंतर परमेश्वर माझा मेंढपाळ असला तरी डोक्यात टँकर असतो. म्हणून अ‍ॅप ऐकायला आणि शोधायला ठेवलंय, वाचायला पुस्तक.

इथवर स्वतःपुरतं झालं. आता दुसऱ्याला देण्याबद्दल, कारण दुकानात अर्धं गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. त्यात माझं मत अनेकांना पटत नाही, आमच्या मंडळीतल्याही.

नोकरीत असताना गाडी डेपोला लावली की सीटखालून काय काय निघायचं : शेंगांची टरफलं, एका पायाची चप्पल, आणि सुवार्तेच्या पत्रिका. स्टँडवर कुणीतरी उत्साही भाऊ खिडकीतून सगळ्यांच्या हातात कोंबून जायचा. लोक भिडेखातर घ्यायचे आणि पहिल्या थांब्यानंतर खाली टाकायचे. त्यावर प्रभूचं नाव, आणि त्या नावावर बुटाचे ठसे. मी त्या उचलून बॅगेत टाकायचो, झाडूवाल्याला झाडू द्यायचो नाही. तेव्हापासून मला घाऊक वाटप आवडत नाही. ड्यूटीवर असताना मी कधी एका शब्दाने कुणाला साक्ष दिली नाही, कारण प्रवाशाला माझ्यापासून उठून जाता येत नाही. बसलेल्या माणसाला पकडून सांगणं याला मी सुवार्ता म्हणत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. एका सहकाऱ्याला, तो निवृत्त झाला तेव्हा, मी संपूर्ण शास्त्र भेट दिलं, चांगलं जाडजूड, सोनेरी कडांचं. तीन वर्षांनी त्याच्या घरी गेलो तर ते लाल फडक्यात बांधून देवघराच्या वरच्या फळीवर. त्याने हळद-कुंकूही वाहिलं होतं. त्याचा आदर खोटा नव्हता, पण उघडलं एकदाही नव्हतं. कसं उघडणार? नवख्याला जडजूड दागिना दिल्यासारखं ते, घालायचा कुठे हेच कळत नाही. समजा उघडलंच, तर तो पहिल्या पानापासून सुरू करणार आणि माझ्यासारखाच लेवीयात अडकणार.

आपल्याकडचं गाजलेलं उदाहरणही हेच सांगतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांना १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने पुस्तक दिलं, तो होता फक्त नवा करार. आधी दोघांच्या गप्पा झाल्या होत्या, कवितेवर. टिळकांनी वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी (मत्तय, पाचवा अध्याय) येऊन ते गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. लोक ही गोष्ट सांगताना दोन वर्षांच्या त्या निकालावर भर देतात. मला मात्र डब्यातल्या गप्पा महत्त्वाच्या वाटतात. आणि मत्तयाचा पाचवा अध्याय त्या पुस्तकात पाचव्याच अध्यायावर येतो, हेही. संपूर्ण शास्त्रात तो ९३४ वा आहे.

म्हणून दुसऱ्याला द्यायला मी सुटी शुभवर्तमानं घेतो. ही पातळ पुस्तिका, एकेका शुभवर्तमानाची, बहुतेक ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत चहाच्या भावात मिळते. मुखपृष्ठावर सूर्यास्त आणि मेंढ्या असतात. त्या चित्रकाराने मेंढी जवळून बघितलेली नाही, पण ते सोडा. भाषा सोपी, टाइप वाजवी, पिना दोन, तिसरी असती तर बरं झालं असतं. मधलं पान सहा महिन्यांत सुटतं. कोणतं द्यावं? मार्क सोळा अध्यायांचा, सगळ्यांत छोटा, पण तो धावत असतो, नवखा माणूस दमतो. मत्तय वंशावळीने सुरू होतो. योहान मला सगळ्यांत प्रिय, पण पहिल्याच ओळीत 'शब्द' म्हणजे कोण ते समजावत बसावं लागतं. लूक द्या. चोवीस अध्याय, गोष्टी भरपूर, आणि गोष्ट सांगायची हातोटी चांगली. आणि विचारल्याशिवाय देऊ नका. पेत्राच्या पहिल्या पत्रातही, आशेबद्दल विचारपूस करणाऱ्याला उत्तर द्या, असंच आहे, आणि तेही सौम्यतेने व भीडस्तपणाने. 'भीडस्तपणा' हा शब्द आमच्या उत्साही भावांनी एकदा मोठ्या अक्षरात वाचावा.

शेजारचे अण्णा वारकरी. माळ आहे, दरवर्षी पायी वारी, सकाळी हरिपाठ. आमच्या दोन्ही घरांची भिंत एक, त्यामुळे साडेपाचला त्यांचा हरिपाठ मला ऐकू येतो आणि माझं स्तोत्र त्यांना. वीस वर्षं हे चाललंय, आणि गेल्या कार्तिकात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज वेगवेगळं वाचता, आमचं रोज तेच. तुमचं आहे तरी काय एवढं?" मी लूक दिला. आठ दिवसांनी कट्ट्यावर येऊन बसले. पंधराव्या अध्यायावर, त्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीवर, त्यांची हरकत होती, आणि एक नाही, दोन. पहिली, "वासरू कापलं? पोरगं घरी आलं म्हणून वासरू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, ती त्या मुलखाची रीत, एवढंच म्हटलं. दुसरी हरकत थोरल्या भावाची. "शेत कुणी सांभाळलं? थोरल्याने. त्याला कधी करडूसुद्धा नाही, आणि याला मेजवानी. आमच्या भावकीत हे झालं असतं तर तहसीलदारापर्यंत गेलं असतं." मी चाळीस वर्षं ती गोष्ट बाप आणि धाकट्याची म्हणून वाचत आलो. मी स्वतः घरातला धाकटा. अण्णा थोरले. त्या संध्याकाळी मी परत पंधरावा अध्याय काढला, मोठ्या अक्षरात. थोरला शेवटी आत गेला की नाही हे लूकने लिहिलेलंच नाही. इतक्या वेळा वाचून हे मला दिसलं नव्हतं.

खरेदी करणाऱ्यांसाठी थोडक्यात, पुतण्याने पाचपैकी तारे विचारले म्हणून : मोठ्या अक्षराच्या पवित्र शास्त्राला चार, एक तळटिपांसाठी कापला. अ‍ॅपला अडीच, ऐकण्यापुरते साडेतीन. लूकच्या पुस्तिकेला साडेचार, अर्धा तिसऱ्या पिनेचा. साठीपुढच्यांनी पुस्तक घेताना दिवसा नाही, संध्याकाळी दुकानात जावं, म्हणजे बल्बखाली अक्षर कसं दिसतं ते तिथेच कळतं.

लूक संपवून अण्णा म्हणाले, "पुढं काय झालं? तुमचे ते बारा जण कुठं गेले?" पुढचं म्हणजे प्रेषितांची कृत्ये, तेही लूकनेच लिहिलेलं. दुकानात सुटं मिळालं नाही, शुभवर्तमानंच सुटी असतात म्हणाले. मग माझा जुना, कॅश बॅगेतला नवा करार दिला, परत करायच्या बोलीवर. अण्णांची नजर माझ्यापेक्षा पाच वर्षांनी थोरली पण अजून सुईत दोरा ओवतात. परवा आठव्या अध्यायापर्यंत आले होते. तिथे कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत चाललाय, गाझ्याच्या वाटेला, आणि फिलिप्प रथाशेजारी पळत जाऊन विचारतो, वाचताय ते समजतंय का?

अण्णा म्हणाले, "हा फिलिप्प तुमच्यातला दिसतोय. चालत्या गाडीत चढला."

म्हटलं, "नीट वाचा. आधी विचारलं त्याने. मग त्या माणसाने वर बोलावलं."

त्यांनी चष्मा न लावता पुन्हा वाचलं, पानात खूण म्हणून विड्याच्या पानाचा देठ ठेवला आणि पुस्तक खिशात घालून गेले. अजून त्यांच्याकडेच आहे.